आठ वाजताचं जेवण

माझे बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते. बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढायची, दोर तपासायचे, मोटारीला वंगण घालायचं, दाराच्या खाचेत अडकलेला कचरा टोकरून काढायचा, असलं त्यांचं काम. फोन कधीही वाजायचा, आणि वाजला की जावंच लागायचं. तरी संध्याकाळी आठ वाजता ते घरी जेवायला असायचेच. एखाद्या दिवशी नाहीच जमलं तर आम्ही थांबायचो. साडेआठ वाजायचे, पावणेनऊ वाजायचे. आजी कुरकुर करायची, पण झाकण काढायची नाही. चौघं टेबलाशी बसल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही, हा आमच्या घरातला एकमेव नियम.

ते टेबलही त्यांनीच बनवलेलं. एका जुन्या इमारतीतली लाकडी लिफ्ट मोडीत निघाली तेव्हा तिची एक भिंत त्यांनी खांद्यावरून घरी आणली, घासली, पॉलिश केली आणि खाली चार पाय ठोकले. बटणांची पट्टी जिथे होती तिथे चौकोनी भोक होतं, ते दुसऱ्या लाकडाचा तुकडा बसवून बुजवलेलं. नेमका तो तुकडा माझ्या ताटाखाली यायचा आणि ताट डुगडुगायचं.

नियमामागची गोष्ट मला आजीने सांगितली होती. बाबांचे वडील आधी जेवायचे, मग मुलगे, आणि आजी सगळ्यांत शेवटी, स्वयंपाकघरात एकटी. "एकदा मी भांडं बोटाने पुसून खात होते, तेव्हा हा दारात येऊन उभा राहिला," आजी म्हणाली. "असेल आठ-नऊ वर्षांचा. बघितलं नि निघून गेला. पण बायको करून आणली त्या दिवशी तिला म्हणाला, माझी आई तुझ्या शेजारी बसून जेवेल. आणि तू पण बसूनच जेवायचंस."

कामाच्या निमित्ताने बाबा कुठल्या कुठल्या घरांत जायचे. लिफ्ट अडकते ती नेमकी जेवणाच्या वेळी, असं ते म्हणायचे. मग आम्हाला जेवताना त्या घरांच्या हकीकती ऐकायला मिळायच्या. कुठल्याशा दूरच्या देशातून आलेलं एक कुटुंब जमिनीवर गोल बसून एकाच मोठ्या परातीतून खात होतं, प्रत्येक जण आपल्यासमोरचं, आणि चांगला तुकडा गुपचूप दुसऱ्याकडे सरकवायचा. दुसऱ्या एका घरी आजोबांनी पहिला घास घेईपर्यंत सातजण हात मांडीवर ठेवून बसले होते, आणि आजोबांना डुलकी लागली होती. तिसऱ्या घरात पाच माणसं टेबलाशी होती आणि चमच्यांच्या आवाजाखेरीज काही नव्हतं.

"पण बसतात बरं का सगळे," बाबा म्हणायचे. "भाषा निराळी, खाणं निराळं. पण एकमेकांची वाट बघतात."

"आणि तोवर अन्न गार होतं," आजी म्हणायची.

बाबा खो खो हसायचे. त्यांना मोठ्याने हसायची सवय होती, कारण दिवसभर बंद दारापलीकडच्या घाबरलेल्या माणसांशी ओरडून बोलावं लागायचं.

मी सोळा वर्षांची होते तेव्हाची ही गोष्ट.

उन्हाळ्याचे दिवस होते. दोन दिवसांपासून स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं होतं. आई एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. सकाळी निघताना ती मला म्हणाली, "शाळेतून आलीस की ते कॅनमधलं कॉस्टिक सोड्याचं पाणी ओत सिंकमध्ये. तासभर राहू दे, मग गरम पाणी सोड. हातमोजे घाल हं, पोळतं ते."

मी हातमोजे घातले. कॅनचं बूच तडकलेलं होतं. तिरका केला की ते पाणी कडेने ओघळायचं. अर्धं मी सिंकमध्ये ओतलं. उरलेलं कॅनमध्ये राहिलं तर गळून फरशीवर येईल, म्हणून मी पाण्याची एक रिकामी बाटली घेतली, तिच्यात ते ओतलं आणि झाकण घट्ट लावलं. एक थेंब सांडला नाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं, हे मला अजून आठवतं. बाटली खालच्या कपाटात ठेवायची होती, पण हातमोजे ओले होते म्हणून मी ती सिंकमागच्या खिडकीत ठेवली. तेवढ्यात मैत्रिणीचा फोन आला. मी खोलीत जाऊन पलंगावर आडवी पडले आणि बोलत बसले.

प्यायच्या पाण्याच्या बाटल्या आम्ही त्याच खिडकीत ठेवायचो.

बाबा त्या दिवशी चारलाच आले. एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशिनच्या खोलीत त्यांनी उन्हात तीन तास काम केलं होतं. मला दार उघडल्याचा आवाज आला, चपला काढल्याचा आला. "ठके, आहेस का घरात?" ते म्हणाले. मी फोनवर हात ठेवून "हो" म्हटलं. मग स्वयंपाकघरात बाटली फरशीवर आपटली.

त्यानंतरचा आवाज मी इथे लिहिणार नाही.

मी पोचले तेव्हा ते गुडघ्यांवर होते आणि दोन्ही हातांनी ओटा धरून होते. आजी दुपारची झोपलेली, ती केस विस्कटलेली तशीच धावत आली. "काय झालं? काय झालं रे बंड्या?" ती त्यांची पाठ चोळायला लागली. मी बाटली पाहिली. ती आडवी पडून तिच्यातलं पाणी फरशीवर पसरत होतं. मला सगळं कळलं, आणि मी अँब्युलन्सला फोन करताना "अ‍ॅसिडसारखं काहीतरी प्यायलेत" एवढंच म्हटलं.

हॉस्पिटलमध्ये आई लाँड्रीतल्या कपड्यांतच आली. तोवर बाबांना आत नेलं होतं. अशा वेळी पोलिसांना कळवावं लागतं म्हणे, त्यामुळे एक हवालदार वही घेऊन आला आणि बाकावर आमच्या समोर बसला. त्याला सर्दी झाली होती. तो सारखा नाक पुसत होता.

"बाटलीत कुणी भरलं होतं?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडलं. आईचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि तिने असा दाबला की नखं कापडातून रुतली.

"मी," आई म्हणाली. "सकाळी कामावर जायच्या आधी. कॅन गळत होता."

हवालदाराने लिहून घेतलं. आजी आईकडे बघत होती. ती उठली आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

अन्ननलिका पूर्ण पोळली आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. माणूस वाचला, हेच खूप. पण भरून येताना ती आवळत जाईल, बहुतेक बंदच होईल. त्यांनी दोन-तीनदा आतून रुंद करून पाहिली, ती परत मिटली. शेवटी पोटाला भोक पाडून त्यातून एक नळी बसवली. सहा आठवड्यांनी बाबा घरी आले ते ती नळी शर्टाखाली घेऊन. त्यांचा आवाज गेला होता, त्याच्या जागी एक खरखरीत कुजबुज आली होती. स्वतःची थुंकीही त्यांना गिळता यायची नाही. हातात कायम एक टॉवेल असायचा आणि त्यात ते सारखं थुंकायचे.

आमच्या घरातलं जेवण त्यानंतर मोडलं. कुणी तसं ठरवलं नाही. बाबा त्यांच्या खोलीत पडून असायचे आणि त्यांच्या नाकाला वास जाऊ नये म्हणून आई खिडक्या उघड्या टाकून, दार लावून घाईघाईने काहीतरी शिजवायची. मग ती ओट्याशी उभ्यानेच दोन घास तोंडात टाकायची. मी ताट घेऊन माझ्या खोलीत जायची. आजीने तर आईच्या हातचं खायचंच सोडलं. तिने आपल्या खोलीत एक छोटी शेगडी मांडली, भात-डाळ आपली आपण शिजवायची आणि दार लावून एकटी जेवायची. आई दाराबाहेर भाजीची वाटी ठेवायची. सकाळी वाटी तशीच असायची.

आजी आईशी बोलायची ती माझ्यामार्फत. "तिला सांग, दूध संपलंय." कधी बोललीच तर भिंतीला ऐकवल्यासारखी. "माझ्या पोराचा घास काढून घेतला. आता ही वर्षानुवर्षं जेवेल चांगली."

बाबा ओरडले नाहीत कधी, ओरडायला आवाजच नव्हता. त्यांनी आईकडे बघायचं बंद केलं. सुरुवातीला एकदाच म्हणाले, तेही मी खोलीत असताना: "वीस वर्षं मी लोकांच्या जिवाची काळजी घेतोय. साधी चिठ्ठी चिकटवायला काय झालं होतं?"

"चुकलं माझं," आई म्हणाली.

नळीतून अन्न घालायला हॉस्पिटलमध्ये आईला शिकवलं होतं. पातळ पिठासारखं ते पौष्टिक, कोमट करायचं, मोठ्या सिरिंजमध्ये भरायचं, नळीला जोडायचं आणि हळूहळू, अगदी हळूहळू आत जाऊ द्यायचं. शेवटी पाण्याने नळी धुवायची. पण चौथ्या दिवशी बाबांनी तिचा हात बाजूला केला. "ठकीला पाठव," ते म्हणाले.

दिवसातून पाच वेळा भरवावं लागायचं, त्यातलं बहुतेक मी करायची. शाळेच्या आधी, शाळेनंतर, संध्याकाळी. शाळेच्या वेळेत ते स्वतः कसंबसं करायचे. सिरिंज जोडताना मी थबकले की ते म्हणायचे, "घाबरू नकोस ठके. तुझा हात हलका आहे." आणि मी सिरिंजवरच्या रेघांकडे बघत राहायची.

मी आईला म्हटलं, मी सांगणार. एकदा नाही, दहा वेळा म्हटलं. ती कपडे वाळत घालत असायची नाहीतर भांडी घासत असायची, हात थांबवायची नाही.

"मला ऐकून घ्यायची सवय आहे," ती म्हणायची. "तुला पुढे सगळं आयुष्य काढायचंय."

"पण ते तुझ्याशी बोलत नाहीत!"

"नाही बोलत. तुझ्याशी बोलतात ना? त्यांच्यापाशी आता तू सोडून कोण आहे? माझ्यावर राग, त्यांची आई रडण्यापलीकडे काही करत नाही. तुझ्या हातचं तेवढं त्यांच्या पोटात जातंय. ते पण काढून घेऊ नकोस."

मग मी सिरिंज भरायला निघून जायची. आणि खरं सांगायचं तर, तिने असं अडवलं याचं मला बरंही वाटायचं. असे आठ महिने गेले.

मग एका दुपारी लाँड्रीतली मुकादमबाई आईला रिक्षातून घरी घेऊन आली. आई इस्त्रीच्या मोठ्या रोलरपाशी चक्कर येऊन पडली होती, हात थोडक्यात वाचला होता. "अहो, ही जेवते का काही?" मुकादमबाई मला दारातच विचारायला लागली. "डब्यात बघावं तर कोरडा पाव. अंगावर मांस राहिलं नाही हिच्या."

आजीच्या खोलीचं दार किलकिलं झालं. "नाटकं," आजीचा आवाज आला, आणि दार मिटलं.

मुकादमबाईने माझ्याकडे पाहिलं. त्या बाईने आईला पलंगावर निजवलं, साखरेचं पाणी पाजलं आणि ती गेली. आई भिंतीकडे तोंड करून झोपी गेली. तिच्या मानेवरची हाडं मी मोजू शकले असते.

संध्याकाळी बाबांना भरवायची वेळ झाली. मी सिरिंज भरली, नळीला जोडली आणि म्हटलं, "बाबा, त्या बाटलीत कॉस्टिक मी भरलं होतं. आईने नाही. आईने मला नुसतं सिंकमध्ये ओतायला सांगितलं होतं. मी खिडकीत ठेवली आणि फोनवर बोलत बसले. तुम्ही हाक मारलीत तेव्हा मी खोलीतच होते."

ते माझ्याकडे बघत राहिले. सिरिंजमधलं पीठ आपसूक खाली उतरत होतं.

"आईला ठाऊक आहे?"

"हो. पहिल्यापासून. तिनेच मला बोलू दिलं नाही."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं ते माझा हात झटकतील. पण ते म्हणाले, "पूर्ण कर." मी उरलेलं घातलं, नळी धुतली, चिमटा लावला. "आता जा," ते म्हणाले.

पुढचे दोन दिवस त्यांनी कुणालाच खोलीत येऊ दिलं नाही. पौष्टिकाचा डबा, पाणी, सिरिंज सगळं आत मागून घेतलं. आतून सांडल्याचे आवाज यायचे. आईने मला काही विचारलं नाही. तिला कळलं होतं. ती नुसती माझ्याकडे बघायची, आणि ती रागावली आहे की सुटल्यासारखं वाटतंय तिला, ते मला ओळखता यायचं नाही.

तिसऱ्या दिवशी आठ वाजता बाबा बाहेर आले. लुंगी-सदरा नाही, धुतलेला शर्ट आणि पँट घालून. पँट कमरेला दोरीने बांधली होती. ते भिंतीला धरून टेबलापर्यंत आले आणि आपल्या खुर्चीवर बसले. आई ओट्याशी उभी होती, तिच्या हातात पावाचा तुकडा होता.

"अगं, ये इकडे," ते म्हणाले. मग जमेल तेवढ्या जोरात, "आई!"

ती कुजबुज बंद दारातून ऐकू जाणं शक्य नव्हतं. मी जाऊन आजीला बोलावलं. आजी आली, टेबल बघून उंबरठ्यातच थांबली.

"आई, बाटली ठकीने ठेवली होती," बाबा म्हणाले. "हिने नाही. ही तिच्यासाठी खोटं बोलली."

आजीने माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे. मग परत माझ्याकडे.

"आणि आठ महिने गप्प राहिली ही?"

आजी "ही" म्हणाली ते आईला की मला, ते मला तेव्हाही कळलं नाही.

"हो," आई म्हणाली. "आता बसा. पाय दुखतील."

आजी बसली. आईने सवयीने चार ताटं काढली, मग एक परत ठेवायला लागली.

"राहू दे," बाबा म्हणाले. "माझ्यापुढे पण मांड."

भात होता, बटाट्याचा रस्सा होता. आईने तिघींना वाढलं. बाबांचं ताट रिकामं. त्यांनी सिरिंजऐवजी हॉस्पिटलने दिलेली पौष्टिकाची पिशवी खिडकीच्या कडीला अडकवली होती, तिची नळी शर्टाच्या दोन बटणांमधून आत गेली होती. रश्श्याचा वास आला तसं त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि ते गिळता येईना म्हणून त्यांना टॉवेलात थुंकावं लागलं. एकदा. पुन्हा. आजीने घास खाली ठेवला.

"जेवा," ते म्हणाले.

"रे, आमच्यानं कसं—"

"जेवा म्हटलं ना."

आम्ही जेवलो. माझ्या आयुष्यात इतकं वाईट जेवण मी जेवले नाही. प्रत्येक घासाचा आवाज येत होता. मी चावताना तोंडावर हात धरला तर बाबांनी मान हलवून नको म्हटलं. मध्येच ते आईला म्हणाले, "लाँड्रीत काय म्हणतात?"

आईने घास गिळला. "आठ महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत," ती म्हणाली. आवाज न चढवता, लाँड्रीत आज चादरी जास्त होत्या असं सांगावं तसं.

"नाही बोललो," बाबा म्हणाले.

"माझ्या हातचं घेतलं नाहीत."

"नाही घेतलं."

ती पुढे जेवायला लागली. तिने दोनदा भात वाढून घेतला. माफीबिफीचं बोलणं त्यांच्यात झालं असेल तर आमच्यासमोर झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून पिशवी आई अडकवू लागली एवढं खरं.

त्यानंतर चार महिने आम्ही रोज आठ वाजता बसत होतो. हळूहळू बोलणं परत आलं. बाबा पुन्हा लिफ्टच्या गोष्टी सांगायला लागले, जुन्याच, नवीन कुठून आणणार? आजी आईला "सुनबाई" म्हणायला लागली, पूर्वी नुसती नावाने हाक मारायची. माझ्याशी मात्र ती बोलेना. मी टेबलाशी असले तरी तिच्या लेखी ती खुर्ची मोकळी होती.

बाबांना मी एकदा विचारलं. पिशवी संपत आली होती, आई आत गेली होती. "तुम्ही माझ्यावर रागावलाय ना?"

ते विचार करून म्हणाले, "आहे राग. जेवताना नाही येत. एरवी येतो. सकाळी दात घासताना फार येतो." मग टॉवेलाची घडी करत म्हणाले, "जाईल बहुतेक."

जायला वेळ मिळाला नाही. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनचं सुचवलं होतं. मोठ्या आतड्याचा तुकडा काढून त्याची नवी अन्ननलिका करायची. मोठं ऑपरेशन होतं, धोका होता, आणि हे त्यांनी लपवलं नाही. नळीवर माणूस वर्षानुवर्षं जगू शकतो, हेही सांगितलं. आम्ही ते जेवतानाच बोललो.

"कशाला?" आई म्हणाली. "बसताय ना आमच्यात? पुरे की."

"नको रे बंड्या," आजी म्हणाली. "असा समोर दिसतोस तेच मला खूप आहे."

बाबांनी टॉवेलात तोंड पुसलं. "तुम्हाला पुरे असेल. मी इथे बसतो आणि तुमच्या चमच्यांकडे बघतो. सगळा वेळ चमच्यांकडेच. तुम्ही काय बोलता ते अर्धं मला कळतही नाही. मला एक घास गिळायचाय. मग पुढचं पुढे."

आईने आपला चमचा ताटाखाली सरकवला. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

ऑपरेशन नऊ तास चाललं आणि नीट झालं. आठव्या दिवशी त्यांना चमचाभर पाणी देऊन पाहिलं. आई आणि मी काचेबाहेर उभ्या होतो. त्यांनी पाणी तोंडात धरलं, बराच वेळ धरलं, मग त्यांच्या गळ्याची गाठ वर जाऊन खाली आली. ते आमच्याकडे वळले आणि त्यांनी छातीवरून बोट खाली नेऊन दाखवलं. उतरलं. आई हसली आणि लगेच रडायला लागली. नर्सने त्यांना आणखी एक चमचा दिला.

त्याच संध्याकाळी ताप चढला. आतला एक जोड सुटला होता. पुन्हा ऑपरेशन केलं, औषधं बदलली, यंत्र लावलं. पाचव्या दिवशी सकाळी बाबा गेले. हे कुणाच्या चुकीने झालं नाही, असं होतं कधी कधी, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईने मान हलवली. आजी मला म्हणाली, आणि खरं कळल्यापासून ती माझ्याशी थेट बोलली ते हे एकच वाक्य: "दोन्ही वेळा तूच."

घरात आम्ही तिघी उरलो. आई आठला ताटं मांडायची. तीनच. आजी यायची, तिने येणं सोडलं नाही. पण माझ्या हातचं तिने काही घेतलं नाही. मी भाताचं भांडं पुढे केलं तर ती दुसरीकडे बघायची. मग मी ते आईकडे द्यायची आणि आई तिच्याकडे. पाणी, मीठ, सगळं आईच्या हातातून फिरून जायचं. सुरुवातीला आई म्हणायची, "अहो आई, पुरे आता." नंतर म्हणेनाशी झाली. मी शिकून एका औषधाच्या दुकानात कामाला लागले, पगार आणायला लागले, आणि तरी मीठ आईच्या हातूनच फिरून जात राहिलं. सहा वर्षं.

मग आजीचं डोकं चालेनासं झालं. आधी वार विसरली, मग शेगडी, मग माणसं. आईला ती कधी आपली बहीण समजायची, कधी शेजारीण. हाताला कंप होता, चमचा तोंडापर्यंत पोचायचा नाही. आई दुपारी कामावर असायची, म्हणून मी दुकानातली पाळी बदलून घेतली आणि दुपारी घरी थांबायला लागले.

पहिल्या दुपारी मी मऊ भात कालवून तिच्यासमोर बसले आणि चमचा पुढे केला. आता ती तोंड फिरवेल, म्हणून मी थांबले. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"नवीन कामाला आलात का बाई?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

तिने तोंड उघडलं. मी भरवलं. तिने सावकाश चावलं, गिळलं, आणि दुसऱ्या घासाआधी माझ्या कोपराला हात लावला. "हात हलका आहे हो तुमचा. मुलंबाळं?"

"नाहीत."

"बरं आहे," आजी म्हणाली. "मला एक नात आहे. तिचं तोंड बघत नाही मी."

मी चमचा भरला. तिने पुन्हा तोंड उघडलं. वाटी संपेपर्यंत ती जेवली.